ताणाला मास्टर नाही

डॉक्टर म्हणाले, "प्रेशर जरा वर आहे. ताण कमी करा." मी विचारलं, "सध्या किती आहे?" त्यांना वाटलं मी रक्तदाबाचंच विचारतोय, म्हणून त्यांनी १४२/९० हा आकडा पुन्हा सांगितला. मी म्हटलं, तो कळला हो, ताण किती आहे ते विचारतोय. डॉक्टरांनी चष्म्यावरून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

प्रश्न आगाऊपणाचा नव्हता. मी भोसरी एमआयडीसीतल्या एका कॅलिब्रेशन लॅबमध्ये काम करतो. कारखान्यांचे मायक्रोमीटर, व्हर्नियर, डायल, प्लग गेज आमच्याकडे येतात आणि ते किती खोटं बोलतात याचं सर्टिफिकेट आम्ही देतो. लॅबचं तापमान वर्षभर २० अंश, कारण लांबी जगभर २० अंशालाच मोजायची असं ठरलेलं आहे. मायक्रोमीटर तपासायचा स्लिप गेजवर, म्हणजे अचूक मापाच्या ठोकळ्यांवर, ते स्लिप गेज तपासायचे त्याहून वरच्या ग्रेडच्या स्लिप गेजवर, आणि ही साखळी पार दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाऊन भिडते. ज्याच्याशी ताडून बघायचं त्याला आमच्यात मास्टर म्हणतात. मास्टर नसलेल्या आकड्यावर आम्ही सही करत नाही.

त्यामुळे लॅबमधल्या एका तरुण सहकाऱ्याने मनगट पुढे करून "सर, आज माझा स्ट्रेस ६१ आहे" असं सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून आलं, "कशाशी ताडून?" त्याला सांगता येईना आणि मलाही माहीत नव्हतं. मग जे हाताशी लागेल ते गोळा करून बघायला लागलो. माझं गार्मिन घड्याळ होतंच, रविवारी सिंहगड चढताना घालतो ते. बायकोचं ॲपल वॉच होतं. छातीला बांधायचा पोलरचा पट्टा घेतला. कॅनडाहून सुट्टीला आलेल्या भाच्याने त्याचा म्यूज नावाचा डोक्याला लावायचा पट्टा माझ्याकडे ठेवला, "मामा, तुम्ही सुटा सुटा करून बघाल म्हणून घाबरतोय" असं म्हणत. सहकाऱ्याची स्वस्तातली मनगटी पट्टीही मागून घेतली. आणि फोनमध्ये ध्यानाची चार-पाच ॲप्स टाकली.

आधी ही यंत्रं मोजतात काय ते बघू. नाडीचे मिनिटाला ६० ठोके म्हणजे प्रत्येक ठोका बरोबर एका सेकंदाने पडतो असं नाही. दोन ठोक्यांतलं अंतर ९६० मिलिसेकंद, मग १०४०, मग ९८५, मग १०१५ असं मागेपुढे होत राहतं. श्वास आत घेताना ठोके जवळ येतात, सोडताना लांबतात. मेंदूपासून छाती-पोटापर्यंत उतरणारी व्हेगस नावाची नस हे घडवून आणते. माणूस धास्तावलेला असेल, आजारी असेल, जागरण झालेलं असेल तर ही मोकळीक कमी होते आणि ठोके एकसुरी पडायला लागतात. या मागेपुढे होण्याला हार्ट रेट व्हेरिएबिलिटी, थोडक्यात एचआरव्ही म्हणतात. घड्याळांच्या ताणाच्या आकड्याचा पाया बहुतेक वेळा हाच.

आता गंमत बघा. वरची चार अंतरं एक्सेलमध्ये घाला. त्यांचं स्टँडर्ड डेव्हिएशन काढलं तर ३५ येतं. त्याऐवजी लगतच्या दोन अंतरांतले फरक घेतले, त्यांचे वर्ग केले, सरासरी काढून वर्गमूळ घेतलं, तर ५९ येतं. पहिली पद्धत एसडीएनएन, दुसरी आरएमएसएसडी. ॲपलच्या हेल्थमध्ये दिसतो तो पहिला आकडा, गार्मिनची रात्रीची एचआरव्ही असते दुसऱ्या पद्धतीची. दोन्ही बरोबर आहेत. आमच्याकडे पृष्ठभागाचा खडबडीतपणा आरएमध्येही देतात आणि आरझेडमध्येही, एकाच जॉबचे दोन निरनिराळे आकडे. ड्रॉइंगवर कोणता मागितलाय हे न बघता आख्खी लॉट परत पाठवणारे इन्स्पेक्टर मी पाहिलेत. दोन ब्रँडची घड्याळं घातलेले नवरा-बायको सकाळी चहाच्या टेबलावर आकडे जुळवतात तेव्हा नेमकं हेच चाललेलं असतं. शिवाय एचआरव्ही वयाबरोबर उतरते आणि माणसामाणसांत मुळातच खूप वेगळी असते, त्यामुळे एकच पद्धत असली तरी तुमचा आकडा मेहुण्याच्या आकड्याशेजारी ठेवून काही हाती लागत नाही.

घड्याळाच्या पाठीवरचा हिरवा दिवा काय करतो? रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. ठोक्यासरशी मनगटातल्या बारीक वाहिन्यांत रक्त भरलं की परत येणारा प्रकाश थोडा कमी होतो, ओसरलं की वाढतो. त्या चढउतारावरून ठोका कुठे पडला याचा अंदाज. छातीचा पट्टा मात्र हृदयाची वीजच टिपतो, म्हणून ठोक्यांमधल्या अंतरापुरता तो मला मास्टरच्या जवळचा वाटतो. पहाटे अंथरुणात हात न हलवता पडून राहिलो तर घड्याळ आणि पट्टा छान जुळतात. टायपिंग करताना किंवा स्कूटरवरून नाशिक फाटा ओलांडताना घड्याळाची भंबेरी उडते. हात हलला की प्रकाश हलतो, त्याला इलाज नाही.

(एक अवांतर: या धंद्यात फिनलंडची मंडळी किती! पोलर तिथल्या केम्पेलेची, तिने १९८२ मध्ये बिनतारी नाडीमापक बाजारात आणला, तोही मुळात स्कीइंग करणाऱ्यांसाठी. नाडी मोजणारी ओउरा अंगठी तिथल्याच औलूची. गार्मिनच्या ताणाच्या गणितामागे आहे ती फर्स्टबीट कंपनी युवास्कुलाची, २०२० मध्ये गार्मिनने ती विकतच घेतली.)

स्वस्त पट्टीचं नाव घेत नाही. दुपारच्या जेवणानंतर लॅबमध्ये पुसायच्या पिवळ्या कापडाची घट्ट गुंडाळी केली आणि पट्टी तिच्यावर बांधली. हिरवा दिवा लुकलुकला, थोडा विचार केला आणि स्क्रीनवर आलं: नाडी ७८. सहकारी म्हणाला, "सर, ऑक्सिजन पण बघू." ऑक्सिजन ९८. फडकं माझ्यापेक्षा धडधाकट निघालं. ताण मात्र त्या पट्टीने फडक्याला दाखवला नाही, तेवढा प्रामाणिकपणा तिच्यात होता.

पण हे सगळं झालं ठोक्यांच्या अंतराचं. ते नीट मोजता येतं हे मान्य. गाडी अडते ती त्यापुढच्या पायरीवर, अंतरावरून ताणावर उडी मारताना. गार्मिन ० ते १०० असा आकडा देतं: २५ पर्यंत विश्रांती, ५० पर्यंत कमी, ७५ पर्यंत मध्यम, त्यावर जास्त. निळ्या आणि नारिंगी काड्यांचा दिवसभराचा आलेख. दिसायला फार देखणा. भावाच्या मुलाच्या लग्नात मी तो मन लावून पाहिला. हळदीच्या दिवशी नाचत होतो तोवर घड्याळ गप्प, कारण शरीर हालचालीत असलं की ते ताण काढत नाही. मग पंगतीला बसलो, जिलेबी आणि मठ्ठा यथेच्छ झाला, नंतर पहाटे तीनपर्यंत चुलत भावंडांबरोबर गप्पा. आख्खी रात्र नारिंगी. इतका खूश मी कित्येक महिन्यांत नव्हतो. उलट लॅबमध्ये लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएलचे असेसर आले होते त्या दिवशी एका जुन्या रेकॉर्डची फाईल सापडत नव्हती, पोटात गोळा आला होता, आणि खुर्चीत गोठून बसलेल्या माझ्या मनगटावर आकडा होता चाळिशीच्या आत.

घड्याळाचा यात दोष नाही. भरपेट जेवण, जागरण, उकाडा, सर्दी, आनंद आणि भीती, सगळ्यांनी शरीर जागं होतं. घड्याळाला कळतं ते जागं होणं. कशामुळे झालं ते कळायला घड्याळ कुठे पंगतीत बसलं होतं? फिटबिटने २०२० मध्ये सेन्स घड्याळात घामाचा मार्ग धरला: तळहात घड्याळाच्या धातूच्या कडेवर ठेवायचा आणि त्वचेतून वीज किती सहज वाहते ते मोजायचं. ही कल्पना शंभराहून जास्त वर्षं जुनी आहे, मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळांतली. पण मे महिन्यात मुंबईच्या लोकलमध्ये उभ्या असलेल्या माणसाच्या तळहाताला घाम का आला हे त्या कडेने सांगावं तरी कसं?

मग मी एक चावट प्रयोग केला. ध्यानानंतर एचआरव्ही वाढली असं लोक कौतुकाने सांगतात. ॲपल वॉचवर श्वासाचं सत्र केलं की लगेच एचआरव्हीची एक नोंद पडते, आणि ती बहुतेक वेळा छान वरची असते. मला संशय आला. पट्टा बांधला, खुर्चीत बसलो, मिनिटाला सहा श्वास अशी लय धरली, आणि त्याच वेळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचं पार्किंगचं भांडण पहिल्यापासून वाचायला घेतलं. डोकं तापत होतं. कुणीतरी माझ्याच गाडीचा फोटो टाकला होता. एचआरव्ही मात्र झकास चढली. कारण सरळ आहे: श्वास लांबवला की ठोक्यांचं मागेपुढे होणं वाढतं, मन कुठेही असो. म्हणजे ध्यान चालू असतानाचा आकडा हा श्वासाचा आकडा. त्यावरून मनाचं सर्टिफिकेट फाडणं म्हणजे डायलच्या काट्याला बोट लावून रीडिंग घेणं. तेव्हापासून ध्यानाच्या वेळी मी काही मोजत नाही. मोजायचं ते सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी, त्याच खुर्चीत, तेवढाच वेळ. आणि एका दिवसाच्या आकड्याकडे ढुंकूनही बघायचं नाही, महिन्याचा कल बघायचा.

सगळ्यांत भरवशाचं साधन निघालं ते कागदाचं. शेल्डन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेली पर्सीव्ह्ड स्ट्रेस स्केल. दहा प्रश्नांची आवृत्ती सर्रास वापरतात. गेल्या महिन्यात अनपेक्षित गोष्टींनी तुम्ही किती वेळा अस्वस्थ झालात, कामं डोंगराएवढी साचलीत असं किती वेळा वाटलं, गोष्टी तुमच्या मनासारख्या चालल्यात असं किती वेळा वाटलं, अशा धर्तीचे प्रश्न. उत्तर ० ते ४, त्यातले चार प्रश्न उलटे मोजायचे, एकूण ० ते ४०. बॅटरी लागत नाही. पहिल्यांदा मला हे पोरकट वाटलं होतं. माणसालाच विचारायचं तर मग यंत्र कशाला? पण विचार केल्यावर वाटलं, ताण ही गोष्ट अनुभवणाऱ्याला सोडून कुठे शिल्लकच राहत नाही. असेसमेंटच्या महिन्यात माझा आकडा २६ आला, लग्नाच्या महिन्यात ११. घड्याळापेक्षा या कागदाला माझी जास्त माहिती होती.

म्यूजबद्दल लिहायलाच हवं, कारण तो सगळ्यांत लाडाचा निघाला. २०१४ पासून बाजारात असलेला हा टोरांटोचा पट्टा कपाळाला आणि कानांमागे टेकवायचा, तो मेंदूच्या विजेचे बारीक तरंग टिपतो. फोनवर पावसाचा आवाज लावला होता. मन भरकटलं की पाऊस वाढतो, स्थिरावलं की थेंब कमी होतात, आणि बराच वेळ शांत राहिलात तर पक्षी बोलतात. पहिला पक्षी बोलला तेव्हा मला इतका आनंद झाला की लगेच मुसळधार पाऊस सुरू झाला. पुढची दहा मिनिटं मी पक्ष्याची वाट बघत बसलो. वाट बघणाऱ्याकडे तो कशाला येतोय!

शिवाय माझ्यातला तपासनीस गप्प बसेना. दात आवळले, भुवया उडवल्या, पापण्या फडफडवल्या. कपाळाच्या स्नायूंची वीज मेंदूच्या विजेपेक्षा कितीतरी दांडगी असते, आणि कपाळावरच्या पट्ट्याला ती टाळता येत नाही. म्हणजे चेहरा सैल सोडून बसणं हे गुण मिळवायला बरंच उपयोगी पडतं. आता चेहरा सैल सोडणं वाईट आहे का? मुळीच नाही. पण मग गुण चेहऱ्याचे आहेत असं म्हणावं. दुसरी गोष्ट अशी की सत्राच्या सुरुवातीला पट्टा स्वतःचं कॅलिब्रेशन करतो. शब्द ऐकून माझा ऊर भरून आला, पण तो झिरो सेट करतो तुमच्या त्या वेळच्या मनावर. ज्या दिवशी मुळात खवळलेले असाल त्या दिवशी झिरोच खवळलेला. कालचं आणि आजचं रीडिंग एका आलेखावर जोडायला मी धजणार नाही. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मामा, तुम्ही ध्यान करताय की ऑडिट?" पट्टा तो परत घेऊन गेला आणि मला त्याची अधूनमधून आठवण येते. खेळणं म्हणून फार सुंदर आहे.

ॲप्सबद्दल माझं मत साधं आहे: आवाज पटला तर ठेवा. हेडस्पेस मागचा अँडी पुडिकोम हा पूर्वी बौद्ध भिक्षू होता, २०१० मध्ये लंडनमध्ये त्याने हे सुरू केलं. नवख्याला बसायला शिकवण्यात त्याचा हात धरणारं मला कुणी भेटलं नाही. घाई नाही, उपदेश नाही. 'काम' (Calm) या ॲपवाला ॲलेक्स ट्यू तोच, ज्याने २००५ मध्ये एक वेबपान करून त्यावरचे दहा लाख पिक्सेल एकेका डॉलरला विकले होते. पिक्सेल विकणाऱ्याने पुढे शांतता विकायला घेतली, आणि तीही खपली. हे 'काम' ॲप झोपेसाठी छान आहे, बायको त्यातल्या गोष्टी ऐकत झोपते, गोष्टीचा शेवट तिला आजवर माहीत नाही. अमेरिकन लेखक सॅम हॅरिसचं वेकिंग अप ज्यांना 'बघणारा कोण' या प्रश्नाची खाज आहे त्यांच्यासाठी. परवडत नाही असं कळवलं तर ते फुकटही देतात. मेडिटो हे विनानफा संस्थेचं, पूर्ण फुकट. इनसाइट टायमरमध्ये प्रचंड मोठा फुकट खजिना आहे, पण मी वापरतो तो फक्त त्याचा घंटेचा टायमर. सुरुवातीला एक टोल, शेवटी एक टोल, मध्ये कुणी बोलायचं नाही.

मला खटकतात त्या सलग दिवसांच्या मोजण्या. अमुक दिवस सलग, तमुक पदक. रात्री पावणेबाराला "आजचं राहिलं!" म्हणून दचकून उठून बाथरूमच्या कट्ट्यावर बसून तीन मिनिटं ध्यान उरकणारा गृहस्थ मला माहीत आहे. झोपेच्या बाबतीत अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये यालाच ऑर्थोसोम्निया असं नाव दिलं: झोपेचा आकडा चांगला यावा या काळजीनेच झोप उडालेली माणसं. ध्यानाच्या बाबतीत असं नाव कुणी अजून दिलं नसेल तर द्यायला हरकत नाही.

माझा एक शाळासोबती इगतपुरीच्या धम्मगिरीला जाऊन येतो. १९७६ पासून तिथे गोएंकाजींची विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरं चालतात, पहाटे चारला घंटा, फी नाही, फोन आणि वही-पेनसुद्धा दारातच जमा. मी त्याला म्हटलं, घड्याळ घालून जा ना, दहा दिवसांचा डेटा मिळेल. तो शांतपणे म्हणाला, "तू ये. घड्याळ बाहेर ठेव." अजून गेलेलो नाही. कारणं देतो, पण ती मलाही पटत नाहीत.

यंत्र आणि योग यांचं वाकडंच आहे असं मात्र समजू नका. पुण्याहून लोकलने जाता येईल अशा लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम काढलं, ते योगक्रियांच्या शास्त्रीय तपासणीसाठीच. त्याच वर्षी योगमीमांसा हे नियतकालिक सुरू केलं. एक्स-रे काढले, दाब मोजले. नौली म्हणजे पोटाचे स्नायू फिरवण्याची क्रिया, ती करताना आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो हे त्यांनी मॅनोमीटर लावून दाखवलं आणि त्याला आपल्या गुरूंचं नाव दिलं, माधवदास व्हॅक्यूम. मला हे फार आवडतं. दाब मोजला आणि दाब मोजला असंच म्हटलं.

आता आमच्या घरातलं सगळ्यांत जुनं डिजिटल साधन. आई ७६ वर्षांची आहे. आळंदीला देवळाबाहेरच्या दुकानातून तिने बोटात घालायचा जप काउंटर आणला, निळ्या प्लॅस्टिकचा, वर एक बटण आणि एक बारकी पाटी. "श्रीराम जय राम जय जय राम" झालं की अंगठ्याने टक्. भाजी निवडताना टक्, मालिकेच्या जाहिरातीत टक्. माझ्याकडच्या सगळ्या यंत्रांत लीस्ट काउंट, म्हणजे मोजता येणारं सगळ्यांत लहान माप, इतका स्वच्छ असलेलं हे एकच: एक दाब, एक जप. मी चेष्टेने विचारलं, "आई, हा बरोबर मोजतो कशावरून?" ती म्हणाली, "अरे, आणल्या दिवशीच माळ घेऊन बसले होते. माळ पुरी झाली तेव्हा हा १०८ दाखवत होता. दुकानदाराच्या शब्दावर कोण विसंबतं?" मी गार. मास्टरही तयार, पडताळणीही झालेली.

२००१ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात इटलीतल्या बर्नार्डी आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला होता. २३ निरोगी माणसांना त्यांनी लॅटिनमधली माळेची प्रार्थना म्हणायला लावली आणि 'ओम मणि पद्मे'चा मंत्रही म्हणायला लावला. दोन्हींत श्वास मिनिटाला साधारण सहावर आला आणि हृदयाची लय त्याच्याशी जुळली. हे वाचल्यावर मी एका संध्याकाळी देवासमोर बसलेल्या आईचे श्वास लांबून मोजले. सहा-सातच्या आसपासच. म्हणजे श्वासाचं जे ॲप फोनवर फुगणारं-आकसणारं वर्तुळ दाखवून शिकवतं, ते ती तेरा अक्षरांत आपोआप करत होती. पट्टा बांधून बघू का म्हणून विचारलं तर म्हणाली, "माझं नको मोजू. त्या समोरच्या काकूंचं मोज, त्या फार चिडतात."

माझ्यापुरतं सांगायचं तर सकाळी वीसेक मिनिटं टायमर लावून बसतो, संध्याकाळी लॅबमधून निघण्याआधी गाडीत पाच मिनिटं दीर्घ उच्छ्वास: नाकाने श्वास, त्यावर आणखी एक छोटा श्वास, मग तोंडाने सावकाश सोडायचा. स्टॅनफर्डच्या २०२३ मधल्या अभ्यासात रोज पाच मिनिटं हे करणाऱ्यांचा मूड नुसत्या ध्यानापेक्षा जास्त सुधारला होता. माणसं होती १०८, माळेच्या मण्यांइतकीच. रक्तदाब आता १२८/८२ च्या आसपास असतो. पण गोळीही सुरू आहे. दोन गोष्टी एकदम बदलल्या की श्रेय कुणाला किती द्यायचं ते सांगता येत नाही, तेव्हा कृपा करून मला "ध्यानाने बीपी गेला" या यादीत टाकू नका. तुम्हाला एकच यंत्र घ्यायचं असेल तर दंडाला बांधायचं बीपीचं घ्या. त्याच्यामागे पाऱ्याचा स्तंभ उभा आहे, आणि डॉक्टर बघतात तो आकडा तोच. ताण आकड्यांच्या पलीकडे गेलेला असेल, झोप उडाली असेल, नको ते विचार येत असतील, तर ॲप बाजूला ठेवा आणि सरकारच्या टेली-मानस या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. मराठीत बोलता येतं.

राहता राहिले पैसे आणि माहिती. २०२२ मध्ये फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाने मानसिक आरोग्याची आणि प्रार्थनेची ३२ ॲप्स तपासली, त्यातल्या २८ वर खाजगी माहितीच्या बाबतीत धोक्याचा शिक्का मारला. म्हणून मी मूडची डायरी ॲपमध्ये लिहीत नाही, वहीत लिहितो. आणि फुकटच्या आठवड्यासाठी कार्ड किंवा यूपीआय दिलंत तर त्याच संध्याकाळी ऑटो-पेमध्ये जाऊन वर्गणी रद्द करा. रद्द केली तरी बहुतेक ॲप्स आठवडा पुरा वापरू देतात. एका ॲपने माझ्याकडून दुसऱ्या वर्षाचे पैसे कापले तेव्हा घड्याळाने ताण ८३ दाखवला होता. तेवढा एक आकडा मला बिनशर्त मान्य आहे.